तुमचं हे कितवं ऑपरेशन?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून काही तास काढले असतील. ऑपरेशनच्या आधी आपण डॉक्टरांना खर्च विचारतो, किती दिवस राहावं लागेल ते विचारतो, टाके कधी काढणार ते विचारतो. एक प्रश्न मात्र मनात असूनही तोंडातून बाहेर पडत नाही. 'डॉक्टर, असलं ऑपरेशन तुमचं हे कितवं?'

माझ्या सगळ्या सर्जनकीत हा प्रश्न मला एकदाच, एकाच बाईंनी विचारला. १९९३ सालची गोष्ट. मी तेव्हा एका सरकारी रुग्णालयात शिकवत होतो. बाई भाजी विकायच्या. वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायचो. पित्ताशयात खडे झाले होते आणि त्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया मी केली होती. चौथ्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. पोटात ठेवलेल्या नळीतून पित्त येऊ लागलं. काय झालंय ते मला कळलं होतं. त्यांना ते कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. सकाळच्या राउंडला मी खाटेपाशी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, रागवू नगा. पर माझ्याआधी असली किती केली व्हती तुम्ही? माझा नंबर कितवा?"

त्यांचा नंबर अकरावा होता. मी म्हणालो, "पुष्कळ केलीत, अक्का. काळजी करू नका."

आज मी बोलणार आहे ते यकृत आणि पित्तमार्गाच्या सर्जनना शिकवण्यासाठी आलेल्या नव्या साधनांबद्दल. विषय यंत्रांचा आहे. पण माझ्यापुरता तो अक्कांच्या त्या प्रश्नापासून सुरू होतो, म्हणून तो आधी सांगितला.

थोडी शरीराची ओळख करून घेऊ. मराठीत 'पित्त' या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. अंगावर गांधी उठल्या की पित्त, छातीत जळजळलं की पित्त, उन्हातून आल्यावर डोकं दुखलं की पित्त. सर्जन ज्याला पित्त म्हणतो तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि तेलातुपाच्या पचनासाठी आतड्यात जातो. जाता जाता त्यातला काही एका छोट्या पिशवीत साठतो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. खडे होतात ते बहुधा इथे. आणि बरीच माणसं 'मला पित्ताचा त्रास आहे' असं म्हणत कितीतरी वर्षं सोडा आणि गोळ्या घेत राहतात.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला सुमारे दीड किलोचा अवयव. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. बाहेरून ते गुळगुळीत आणि एकसंध दिसतं. आत मात्र रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एखाद्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. फ्रान्समधले शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी मृतदेहांच्या यकृतांमध्ये रसायन ओतून या फांद्यांचे साचे काढले आणि १९५७ साली आपल्या ग्रंथात यकृताचे आठ भाग सांगितले. प्रत्येक भागाचा रक्तपुरवठा वेगळा, पित्ताची वाट वेगळी. आजही सगळं जग यकृताचं ऑपरेशन या आठ भागांच्या हिशेबाने करतं.

यकृतातून पित्त खाली आणणारी जी मुख्य नलिका असते ती जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीची, बॉलपेनापेक्षाही बारीक. पित्ताशयाची छोटी नळी येऊन तिला मिळते. ऑपरेशनमध्ये ही छोटी नळी बंद करून कापायची, मुख्य नलिकेला हात लावायचा नाही, एवढंच तर करायचं असतं. पण या दोन नळ्या कुठे, कशा मिळतात हे माणसागणिक थोडं वेगळं असतं. त्यात सूज आली असेल तर सगळं एकमेकांना चिकटून बसतं. यकृताचा मोठा तुकडा काढला तरी उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून जागा भरून काढतं. मुख्य पित्तनलिका एकदा कापली की ती पुन्हा उगवत नाही. मग आतड्याचा भाग वर आणून यकृताला जोडावा लागतो, आणि त्या जोडाची काळजी माणसाला जन्मभर वाहावी लागते.

अक्कांची तीच नलिका मी कापली होती.

आता आम्ही हे शिकत कसे होतो ते सांगतो. सर्जनांच्या शिक्षणाची आजची पद्धत अमेरिकेतले विल्यम हॉल्स्टेड यांनी बसवली. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं आणि तिथे त्यांनी निवासी डॉक्टरांची परंपरा घातली. रुग्णालयातच राहायचं, वरिष्ठांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबायचं, जबाबदारी हळूहळू वाढत जायची. 'एक पाहा, एक करा, एक शिकवा' हे आमच्या धंद्यातलं प्रसिद्ध वाक्यही त्यांच्याच नावाशी जोडलं जातं. या हॉल्स्टेडचं आणि पित्तमार्गाचं नातं विलक्षण आहे. १८८२ साली त्यांच्या आईला पित्ताशयाच्या सुजेने गाठलं, तेव्हा तरुण हॉल्स्टेडनी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं ऑपरेशन केलं. पू आणि खडे काढले, आई वाचली. पुढे चाळीस वर्षांनी, १९२२ मध्ये, त्यांच्या स्वतःच्या पित्तनलिकेतल्या खड्यांसाठी त्यांच्याच दोन शिष्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत ते गेले. ज्याने शिष्य घडवण्याची पद्धत बसवली, तो शेवटी शिष्यांच्याच टेबलावर आला. सर्जन कसा शिकतो हा प्रश्न शेवटी प्रत्येकाच्या अंगावर येतो, तो असा.

त्याच १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पित्ताशय पूर्ण काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. पुढची शंभर वर्षं पोट उघडूनच हे काम होत राहिलं. त्यात एक सोय होती. शिकणारा आणि शिकवणारा टेबलाच्या दोन बाजूंना उभे असायचे. मी चुकायला लागलो की माझे सर बोलत नसत, नुसता माझा हात धरत. बोटांना नलिका जाणवायची. धमनीचे ठोके कळायचे.

मग दुर्बीण आली. १९८५ मध्ये जर्मनीत एरिच म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सुरुवातीला त्यांच्याच देशातल्या सर्जनमंडळींनी त्यांना फारसं गंभीरपणे घेतलं नाही. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलीप मूरे यांनी ते केलं आणि मग बघता बघता जगभर लाट पसरली. आपल्याकडे मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली ही शस्त्रक्रिया केली. ते १९७२ पासून पोटात दुर्बीण घालून निदान करत होते, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना अठरा वर्षांची सवय होती. आमचं तसं नव्हतं. रुग्णांना हवी होती ती चार छोट्या भोकांची, दोन दिवसांत घरी सोडणारी शस्त्रक्रिया. त्यामुळे पंधरा-वीस वर्षं चाकू चालवलेले सर्जन एका रात्रीत पुन्हा पहिलीच्या वर्गात येऊन बसले.

मी जे शिकलो ते एका दोन दिवसांच्या कार्यशाळेत. पहिल्या दिवशी व्याख्यानं आणि एका खोक्यात चिमटे हलवून पाहणं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चार ऑपरेशन्स. संध्याकाळी चहा-सामोसा आणि प्रमाणपत्र. पुढच्या महिन्यात मी ऑपरेशनला उभा राहिलो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरून जागा केली जाते. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. हत्यार पोटाच्या भिंतीत अडकलेलं असतं, म्हणून हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. समोर पडद्यावर दिसतं ते सपाट चित्र. खोली कळत नाही. बोटांना काही जाणवत नाही. आणि सरांनी धरायला माझा हातही मोकळा नसतो. अक्कांच्या ऑपरेशननंतर मी वहीत काय लिहिलं होतं ते मला अजून आठवतं. 'शस्त्रक्रिया सोपी गेली. रक्तस्राव नाही.' खरोखरच सोपी गेली होती. मला नळी दिसली, मी क्लिपा लावल्या, कापली.

पुढे दहा वर्षांनी, २००३ साली, अमेरिकेतले सर्जन लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास माझ्या वाचनात आला. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा झालेल्या २५२ घटना त्यांनी तपासल्या होत्या. त्यांना आढळलं की यातल्या ९७ टक्के चुकांचं मूळ हात अडाणी असण्यात नव्हतं. ते होतं दृष्टिभ्रमात. सर्जनला समोरची मुख्य नलिका हीच पित्ताशयाची छोटी नळी आहे असं मनापासून दिसलं होतं. एकदा तसं दिसलं की पुढचं सगळं त्या दिसण्यात चपखल बसत जातं. दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. इथे उलट होतं. साप समोर होता, आम्ही त्याला दोरी समजलो आणि कात्री लावली.

तो अभ्यास वाचून मला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. चूक डोळ्याची असेल तर डोळ्याला शिकवायला हवं होतं, आणि ते माणसावर ऑपरेशन करण्याआधी शिकवायला हवं होतं. नव्या साधनांकडे मी वळलो तो तेव्हापासून.

सुरुवात घरगुतीच होती. २००५ च्या सुमारास माझ्या एका निवासी डॉक्टरने झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा आणला, झाकणाला भोकं पाडली, आत संगणकाचा स्वस्त कॅमेरा आणि एक दिवा बसवला. जुनी, टाकाऊ हत्यारं मिळवली. चिमट्याने राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. ते जमलं की साबुदाणा. मग द्राक्षाची साल काढायची, गर न फोडता. मग हातमोज्याच्या रबरावर गोल काढून रेषेवरून कापायचं. मी, विभागप्रमुख, पहिल्या दिवशी तीन राजमे हलवताना घामाघूम झालो आणि ती पोरं खिडकीकडे तोंड करून हसत होती. हसू दे. त्या डब्यात उजवीकडचं डावीकडे होण्याची सवय हाताला लागते आणि मेंदू त्या कामातून मोकळा होतो. मोकळा झालेला मेंदू मग बघू शकतो.

पुढची पायरी म्हणजे बकऱ्याचं यकृत. भाषेत काळीज म्हणजे हृदय, पण मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या मटणवाल्याला मी सांगितलं की मला पित्ताची पिशवी लागलेली अख्खी काळजं हवीत. त्याला नवल वाटलं. तो म्हणाला, "साहेब, लोक ती पिशवी काढून मागतात. ती फुटली तर सगळी कलेजी कडू." मग त्याने ती कशी काढतो ते दाखवलं. पिशवीच्या अगदी लगत सुरी न नेता, कलेजीचा पातळ तुकडा तिच्याबरोबर जाऊ देत, एका हातात अलगद. थोडं गमावायचं, पण फोडायची नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याच्या दुकानात नेलं होतं. सर्जरीतही एक नियम आहे. सगळं चिकटलेलं असेल, वाट दिसत नसेल, तर पित्ताशयाचा काही भाग तिथेच ठेवून बाहेर या. पुस्तकात तो नियम वाचून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मटणवाल्याच्या ओट्यापाशी शिरतो.

मग संगणकाचे सिम्युलेटर आले. विमानाच्या वैमानिकांना जमिनीवरच्या खोट्या विमानात शिकवतात, त्यातलाच हा प्रकार. खरी हत्यारं हातात, पण पडद्यावरचं पोट संगणकाने तयार केलेलं. चुकीच्या जागी ओढलं तर रक्त येतं, जाळलं तर धूर होतो. शेवटी किती वेळ लागला, हात किती भरकटले, काय चुकलं याचा हिशेब मिळतो. हे नुसतं खेळणं नाही ना, अशी शंका सगळ्यांनाच होती. २००२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या गटाने ती तपासली. १६ निवासी डॉक्टर घेतले. निम्म्यांना सिम्युलेटरवर तयार केलं, निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमधला एक टप्पा केला. सिम्युलेटरवर शिकलेले २९ टक्के जलद होतेच. पण महत्त्वाचं म्हणजे न शिकलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे जाळण्याची शक्यता पाचपट होती.

आमच्याकडे असं यंत्र आलं तेव्हाची एक दुपार मी विसरत नाही. तिसऱ्या वर्षाची एक निवासी डॉक्टर, हाताने अतिशय चपळ, यंत्रावर बसली होती. मी तिला सूज आलेलं, वेडंवाकडं पित्ताशय लावून दिलं. तिने झरझर काम केलं, नळी दिसली, क्लिपा लावल्या, कापली. पडद्यावर अक्षरं आली की मुख्य पित्तनलिका कापली गेली आहे. ती हसली. म्हणाली, "सर, पुन्हा." दुसऱ्यांदा तेच. ती गप्प झाली. तिसऱ्यांदाही तेच झालं आणि तिने हत्यारं खाली ठेवली. मी तिच्या मागे उभा होतो. तिने केलेली चूक थेट माझी होती, तिथेच, तशीच. फरक एवढाच की या वेळी कोणाचे डोळे पिवळे झाले नव्हते. मी खुर्ची ओढली आणि तिला अक्कांची गोष्ट सांगितली. विद्यार्थ्याला ती सांगण्याची माझी ती पहिली वेळ.

त्यानंतर आम्ही जे शिकवायला लागलो ते मुख्यतः थांबणं. अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक कसोटी सांगितली. कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. पित्ताशयाच्या मुळाशी असलेला त्रिकोण चरबी आणि चिकट्यांपासून मोकळा झालेला; पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालेला; आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन, फक्त दोनच नळ्या. तिन्ही दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही. आमच्याकडे नियम आहे की इथे हात थांबवायचा, समोरून आणि मागून असे दोन फोटो घ्यायचे आणि दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं. मदतनीसाने ते पुन्हा म्हणायचं. रेल्वेच्या इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात ना, तसं. एकाच्या डोळ्यांना भूल पडली तरी दोघांच्या डोळ्यांना एकदम पडण्याचा संभव कमी.

या थांबण्याला आता आणखी मदत मिळते. इंडोसायनिन ग्रीन नावाचं हिरवं रंगद्रव्य आहे. यकृताचं काम तपासायला ते फार पूर्वीपासून वापरलं जात होतं. शिरेतून दिलं की यकृत ते उचलतं आणि पित्तात सोडतं. खास प्रकाश आणि खास कॅमेरा असेल तर पित्तनलिका पडद्यावर चमकू लागतात. जपानी सर्जननी दीड दशकापूर्वी याचा मार्ग दाखवला, आता आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत तो रुळला आहे. शिकणाऱ्याला मी आधी साध्या प्रकाशात विचारतो, "मुख्य नलिका कुठे आहे? बोट दाखव." तो दाखवतो. मग कॅमेरा बदलायचा. कधी चमकणारी रेघ त्याच्या बोटाखाली असते, कधी दोन सेंटिमीटर पलीकडे. त्या दोन सेंटिमीटरांइतका धडा माझ्या दहा व्याख्यानांत नसतो.

कॅनडात टोरांटो आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथल्या गटांनी संगणकाला हजारो चित्रं दाखवून याहून पुढचं काम केलं आहे. पडद्यावर हा भाग सुरक्षित आणि तो धोक्याचा असं रंगवून दाखवणारे, किंवा स्ट्रासबर्गांच्या तीन अटी पुऱ्या झाल्या का ते तपासणारे कार्यक्रम त्यांनी तयार केले. मी ते ऑपरेशनच्या चित्रफिती बघताना वापरावे अशा मताचा आहे. आधी विद्यार्थ्याने सीमारेषा काढायची, मग संगणकाची उघडायची. उत्तर आधी बघून गणित सोडवलं की गणित येत नाही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

पित्ताशयाबद्दल बरंच बोललो. यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियांत तर या साधनांची गरज आणखी जास्त. आपल्या देशात १९९८ साली दिल्लीत दोन वर्षंही पूर्ण न झालेल्या एका बाळाला वडिलांच्या यकृताचा भाग देऊन वाचवलं गेलं. ते बाळ मोठं होऊन डॉक्टर झालं. आज भारतातली बहुतेक यकृतरोपणं अशीच जिवंत दात्याकडून होतात. म्हणजे टेबलावर पडलेला माणूस आजारी नसतो. कोणाची बायको असते, कोणाचा भाऊ असतो. त्याच्या अंगावर शिकण्याचा अधिकार कोणाला आहे? माझा एक जुना विद्यार्थी आता हे काम करतो. त्याने मला दात्याच्या सीटी स्कॅनवरून संगणकाने उभं केलेलं यकृत दाखवलं. ते फिरवता येतं, एकेक रक्तवाहिनी रंगाने वेगळी करता येते. शिकणाऱ्याने रेघ ओढायची आणि संगणक सांगतो की या रेघेने गेलास तर दात्याकडे इतके टक्के यकृत उरेल. साधारण तीस ते पस्तीस टक्क्यांच्या खाली जायचं नाही. काही ठिकाणी हेच यकृत त्रिमितीय छपाईने हातात घेता येईल असं बनवतात. क्विनोंनी मृतदेहांतून जे साचे काढले, ते आज जिवंत माणसाला न दुखवता त्याच्या नावाने तयार होतात. माझा विद्यार्थी ते मॉडेल हातात फिरवत होता आणि मला, कोण जाणे का, कुंभाराच्या हातातलं मडकं आठवत होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्र घेतलं म्हणजे शिक्षण झालं असं नाही. एका महाविद्यालयात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. तिथे सिम्युलेटर होता, अगदी महागातला. त्यावर निळं कापड, कापडावर धूळ आणि खोलीची किल्ली भांडारपालाकडे. तपासणीच्या दिवशी कापड निघतं. उलट साबुदाण्याच्या डब्यावर घडलेली मुलं आज उत्तम काम करताना मी पाहतो. साधन किती किमतीचं यापेक्षा आठवड्यातून किती तास त्याच्यावर कोण बसतं आणि मागे कोण उभं असतं, ते बघावं.

शिवाय यंत्राचं रक्त हे यंत्राचं असतं. खऱ्या यकृतातून रक्त उसळतं तेव्हा भूलतज्ज्ञाचा आवाज बदलतो, खोली शांत होते आणि आपल्याच छातीचे ठोके ऐकू येतात. त्या क्षणी वरिष्ठाला हाक मारण्यात कमीपणा नाही, हे कुठलंही यंत्र शिकवत नाही. ते वरिष्ठालाच शिकवावं लागतं आणि हाक आली की धावत जावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे आता यंत्रमानवाच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रिया आपल्या शहरांत आल्या आहेत. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जनांनी अटलांटिक महासागरापलीकडे स्ट्रासबर्गमधल्या एका बाईंचं पित्ताशय अशा यंत्राने काढलं होतं. हात सात समुद्रांपलीकडे पोचतात, याचं कौतुक मलाही आहे. पण १९९० च्या दशकातली ती लाट मी अनुभवली आहे. नवं यंत्र आलं, जाहिरात झाली, लोक मागू लागले, आणि आमचं शिकणं त्यांच्या पोटात झालं. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ते जास्त झालं, हेही सांगून टाकतो. ज्यांना प्रश्न विचारायची सवय नसते त्यांच्यावर आम्ही शिकलो. पुन्हा तसं होऊ द्यायचं नसेल तर नियम साधा आहे. आधी डबा, मग यंत्र, मग वरिष्ठ शेजारी असताना ऑपरेशनचा एकेक टप्पा, आणि प्रत्येक पायरीची वहीत नोंद.

अक्कांचं पुढे काय झालं, हे आपण विचाराल. मी त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. तिथे आतडं वर आणून जोड दिला गेला. त्या वाचल्या. मधूनमधून थंडी वाजून ताप यायचा, मग पंधरा दिवस गाडी लावता यायची नाही. बरीच वर्षं त्या माझ्याकडे तपासायला येत राहिल्या; हिवाळ्यात येताना पिशवीत मेथी असायची. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मीही खरं उत्तर दिलं नाही. आज उद्या करता करता त्यांचं येणं थांबलं.

माझे विद्यार्थी आता एक वही ठेवतात. डब्यावर किती तास, यंत्रावर किती वेळा, त्यात किती चुका, कोणत्या, आणि माणसावर कितवं. कोणी रुग्णाने विचारलं तर वहीतला आकडा सांगायचा, असं मी त्यांना बजावून ठेवलंय. 'तुमचं हे माझं चौथं. त्याआधी यंत्रावर साठ वेळा केलंय आणि आज माझे सर माझ्या शेजारी उभे असतील.' असं उत्तर ऐकून घाबरून पळून गेलेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी थिएटरच्या दाराशी असाल तर विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा. डॉक्टर रागावले नाहीत तर समजा, चांगल्या ठिकाणी आला आहात.